गोरान इव्हानिसेविच: कोच म्हणून खरंच मोठा?

बेसलाइनर: क्रोएशियाचा टेनिसपटू गोरान म्हटलं की सगळ्यांना २००१चं विम्बल्डनच आठवतं. क्रमवारीत १२५वा, आयोजकांनी दिलेल्या वाइल्ड कार्डवर (खास प्रवेशावर) आत आलेला, आणि पाचव्या सेटमध्ये रॅफ्टरला ९-७ असा लोळवून थेट विजेता! पण मला विचाराल तर त्याचं खरं काम नंतरचं. २०१३मध्ये त्याने क्रोएशियाच्याच मारिन चिलिचला कोच म्हणून हाताशी धरलं. साडेसहा फुटी गडी, पण मागे राहून रॅली खेळत बसायचा. गोरानने त्याला सर्व्हवर विश्वास टाकून पहिल्या दोन-तीन फटक्यांत पॉइंट संपवायला लावलं. पुढच्याच वर्षी चिलिचने यूएस ओपन जिंकली. फेडरर आणि निशिकोरी दोघेही सरळ सेटमध्ये गारद. मग २०१९ ते २०२४ जोकोविचचा कोच, त्यात ९ ग्रँड स्लॅम. अजून काय पाहिजे?

तिरकस_बाळू: ती ९ गोरानच्या खात्यात कशी काय? तो आला तेव्हा जोकोविचकडे १५ होतीच की. त्याचा जुना कोच व्हायडाने वर्षानुवर्षं मळून ठेवलेल्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, झालं. गोरान गेला त्याच वर्षी जोकोविच साहेबांनी अल्काराझला हरवून पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. कुणाचं काय अडलं?

नेटकॉर्ड: बाळू, सर्व्ह विसरलास. २००९-१०मध्ये टॉड मार्टिन जोकोविचची सर्व्ह सुधारायला गेला आणि डबल फॉल्टची (दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट जाण्याची) रांग लागली. मार्टिन काही ऐरागैरा नव्हे, दोन ग्रँड स्लॅम फायनल खेळलेला माणूस. तयार खेळाडूच्या सर्व्हला हात लावणं इतकं जोखमीचं असतं. गोरानच्या काळात तीच सर्व्ह अडचणीच्या पॉइंटला हुकमी झाली.

तिरकस_बाळू: कोपराच्या दुखापतीमुळे सर्व्हची अ‍ॅक्शन २०१८मध्येच आखूड केली होती. तेव्हा गोरान कुठे होता?

बेसलाइनर: अ‍ॅक्शन आखूड करणं वेगळं आणि ब्रेक पॉइंटला (आपल्याच सर्व्हवरचा गेम जायची वेळ आली असताना) दुसरी सर्व्हसुद्धा रेषेजवळ मारायची छाती देणं वेगळं. शिवाय बॉक्समध्ये (कोर्टाशेजारच्या कोचच्या जागेत) बसून जोकोविचचं ओरडणं पाच वर्षं ऐकून घेतलं, तेही कोणी, तर २०००मध्ये ब्रायटनला स्वतःच्या सगळ्या रॅकेटी मोडून सामना गमावलेल्या माणसाने. 😄

मावशी_टेनिसवाली: ऐकून घेणारा म्हणे! २०२५मध्ये याच्याच हाताखालच्या त्सित्सिपासने विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत पाठदुखीमुळे सामना सोडला, तर याने जाहीर सांगितलं की इतकी कमी तयारी असलेला खेळाडू आपण पाहिला नाही. खरं असेलही, पण कोचने हे चव्हाट्यावर का आणावं? जोडी लगेच फुटली. त्याआधी एलेना रिबाकिना या खेळाडूबरोबरही एका ऑस्ट्रेलियन ओपनपुरतंच.

तिरकस_बाळू: मावशी +१. आणि चिलिचनेही २०१६मध्ये याला सोडलं आणि लगेच ऑगस्टमध्ये सिनसिनाटी जिंकली.

नेटकॉर्ड: सिनसिनाटी जिंकली, कबूल. पण ग्रँड स्लॅम? २०१७ची विम्बल्डन फायनल हरला, २०१८ची ऑस्ट्रेलियन हरला.

तिरकस_बाळू: दोन्ही वेळेला समोर फेडरर होता, भावा. विम्बल्डनला तर चिलिचच्या तळपायाला फोड आले होते, खुर्चीत बसून रडत होता. गोरान असता तर फोडांवर फुंकर घालणार होता का?