क्लिपबोर्ड म्हणे एका ओळीचं काम!

एकओळी: आमच्या टीममधल्या मुलाने डेस्कटॉप ॲपच्या ग्रिडला, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्याला, कॉपी-पेस्ट जोडायला दोन दिवस मागितले. कॉपी केलेलं पेस्ट होईपर्यंत जिथे राहतं त्या क्लिपबोर्डवर मजकूर ठेवायचा: क्लिपबोर्ड-डॉट-सेटटेक्स्ट, कोडची एक ओळ. मी जेवणाच्या सुट्टीआधी करून दिलं. हल्ली प्रत्येक कामाचा अंदाज फुगवून सांगायची सवय लागलीय. चुकतोय का मी?

रात्रपाळी: चुकताय, आणि असल्या पोस्टी वाचून मॅनेजर लोक आमच्या डोक्यावर बसतात म्हणून सविस्तर लिहितो. विंडोजचा क्लिपबोर्ड सगळ्या प्रोग्रामांत मिळून एकच. दुसऱ्या कुणी तो त्या क्षणी उघडलेला असेल तर तो उघडायची तुमची आज्ञा, ओपनक्लिपबोर्ड, फेल. जरा थांबून पुन्हा प्रयत्न करणारा लूप कुठाय तुमचा?

एकओळी: मी वापरतो ती विंडोज ॲपची लायब्ररी, विनफॉर्म्स, आतून दहा वेळा प्रयत्न करतं, शंभर-शंभर मिलिसेकंद थांबून. लायब्ररी कशाला असते मग?

रात्रपाळी: बरं, विनफॉर्म्सपुरता हा मुद्दा तुमचा. पण तुमच्याकडे ग्रिड आहे, नुसता मजकूर नाही. माझंच सांगतो. वर्डमध्ये तक्ता नीट जावा म्हणून क्लिपबोर्डवर वेबपानांचा एचटीएमएल फॉरमॅटही ठेवला. त्याच्या डोक्यावर तुकडा कुठून कुठवर हे आकडे द्यावे लागतात, आणि ते बाइटमध्ये. मी अक्षरं मोजली. टेस्टिंगचा डेटा सगळा इंग्रजी, अक्षराला एक बाइट, त्यामुळे पास. ग्राहकाकडे नावं मराठी. 'मराठी' हा शब्द पाच कोडपॉइंटचा, म्हणजे अक्षरं-मात्रा धरून पाच चिन्हांचा; यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत पंधरा बाइट. आकडा कमी पडला आणि यादीचा शेवट कापला गेला. त्या माणसाने तीच यादी छापून नोटीस बोर्डावर लावली. खालच्या नावांची माणसं दुसऱ्या दिवशी दारात हजर. त्या शिव्या मी खाल्ल्यात, तुम्ही नाही.

पेंग्विन_पुणेकर: विंडोजवाल्यांचं निदान विंडोजपुरतं तरी भागतं. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स-११ वर कॉपी केल्यावर डेटा कुठेच जात नाही. पेस्ट करणारा मागेल तेव्हा मूळ प्रोग्राम तो देतो. क्लिपबोर्ड मॅनेजर नसेल आणि प्रोग्राम बंद केला, की कॉपी गेली. यावर दहा धागे काढले, कुणी वाचत नाही.

खिळेजुळारी: मराठीचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. वीस वर्षं डीटीपी केलं. दिवाळी अंकांच्या फायलींनी कपाट भरलंय, सगळ्या कृतिदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. तिथे 'मराठी' म्हणजे आत ई, जे, के, मोठा बी, एच. कॉपी करून तुमच्या ॲपमध्ये टाकलं की हीच इंग्रजी अक्षरं उमटतात. तुमच्यापैकी कुणाला याची पडलीय का?

एकओळी: ताई, युनिकोड वापरा, त्यात मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात. फॉन्ट जुना, त्यात ॲपचा काय दोष?

खिळेजुळारी: वापरते हो, आता वापरते! तेव्हा पानं लावायच्या आमच्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी कळत नव्हतं. अंक वेळेवर काढायचे की तुमची वाट बघत बसायचं?

रात्रपाळी: क्लिपबोर्डवरून आरटीएफ, म्हणजे सजावटीसकट मजकुराचा फॉरमॅट, तोही घेतला तर फॉन्टचं नाव सोबत येतं. कृतिदेव दिसला की रूपांतर करायचं. सरळ आहे.

खिळेजुळारी: सरळ? 'कार्तिक' घ्या. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी 'त'च्या आधी, रफार 'त'च्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. नुसती अक्षराला अक्षर बदलणारी कन्व्हर्टरं मी बघितलीत. पुढे चारशे पानांची प्रुफं मीच रात्री जागून तपासलीत.

एकओळी: विषय काय, चाललंय काय! मी एका बटणाबद्दल विचारलं होतं.

रात्रपाळी: विषय हाच आहे. तुम्ही बटण बघताय, तो मुलगा त्यामागचं काम बघतोय. पोस्ट टाकण्याआधी त्याला एकदा विचारलंत का, की बाबा, दोन दिवस कशाला हवेत?

एकओळी: आवाज खाली ठेवा. मीही पंधरा वर्षं हेच करतोय.

पेंग्विन_पुणेकर: वर्षं मोजू नका, तुमच्या ग्रिडमधून एक्सेलमध्ये पेस्ट करून दाखवा.

एकओळी: केलं. सगळा तक्ता पहिल्या कॉलममध्ये कोंबला गेला. मी मध्ये स्वल्पविराम टाकले होते, टॅब हवे होते. मान्य, एक ओळ पुरली नाही. त्याला उद्याचा दिवस देतो. दोन मात्र नाही.

रात्रपाळी: एचटीएमएल हवं असेल तर दोन.

एकओळी: सकाळी त्यालाच विचारतो.

खिळेजुळारी: विचाराल तेव्हा माझी एक फाइल द्या त्याला. आजच पाठवते. चौथ्या पानावर 'कार्तिक' आहे, ते पेस्ट करून काय दिसतं ते कळवा.