आपली टीम पार धुऊन निघते तेव्हा... (कॉलेज फुटबॉल, अमेरिका)

फोर्टवर्थची_आई

यंदा (२०२५) लेबर डे आणि गौरीपूजन एकाच दिवशी आलं. सवाष्णी जेवून घरी गेल्या, पुरणाचं पातेलं भिजत घातलं आणि टीव्हीसमोर बसले तर आमच्या टीसीयूने (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) नॉर्थ कॅरोलायनाची धुलाई चालवलेली. पहिला टचडाउन त्यांचा, मग सलग ४१ पॉइंट आमचे, शेवटी ४८-१४. बिल बेलिचिकची कॉलेजातली पहिलीच मॅच, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल जिंकलेला माणूस, चॅपल हिलला, म्हणजे त्यांच्या गावी, गर्दी केवढी, मायकल जॉर्डनसुद्धा आलेला. आणि मॅच संपायच्या कितीतरी आधी स्टँड रिकामे. घरात सगळे ओरडत होते, नवरा तर देवघरात जाऊन गौरींना स्कोअर सांगून आला, पण मला ते उठून चाललेले लोक बघून कसंतरीच झालं. कारण ९ जानेवारी २०२३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या वर्षी सीझनच्या आधी बिग १२ मध्ये (आमच्या कॉलेजांचा गट, कॉन्फरन्स म्हणतात) आम्हाला सातवा नंबर दिलेला, कोच सॉनी डाइक्स नवीन, क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) मॅक्स डगन पहिल्या मॅचला बाकावर, त्याच्याआधी निवडलेला जखमी झाला म्हणून आत आला. २०२० मध्ये ह्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आणि ही टीम १२-० गेली! मग मिशिगनला ५१-४५ हरवून फायनलला. जेमतेम दहा-अकरा हजार पोरांचं कॉलेज आमचं.

फायनल लॉस एंजेलिसच्या सोफाय स्टेडियममध्ये, समोर जॉर्जिया. १०-७ असताना आम्ही सोफ्यावर उभे होतो. हाफटाइमला ३८-७. शेवटी ६५-७.

माझा मुलगा तेव्हा टीसीयूच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, तिथेच होता. बँडला उठून जाता येत नाही हो. टीम कितीही मागे असो, वाजवायचं. चौथ्या क्वार्टरला क्षणभर बँड दिसला, माझं पोर दिसलं नाही, पण जी कुठली पोरं दिसली ती वाजवत होती, आणि मी इकडे ढसाढसा रडले. हरल्याचं नव्हे. ती पोरं उभी होती म्हणून.

तर लिहा सगळ्यांनी. तुमच्या कॉलेजची अशी धूळधाण झाली तेव्हा तुम्ही शेवटपर्यंत बसलात की उठलात, आणि दुसऱ्या दिवशी काय केलंत.

अ‍ॅगी_२००४

७७-०

ताई एवढंच लिहून थांबणार होतो पण लिहितोच. नोव्हेंबर २००३, आमचं टेक्सास ए अँड एम, ओक्लाहोमाकडून त्यांच्याच घरी नॉर्मनला हरलो. हाफटाइमला ४९-०, तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ७७, मग त्यांनीच हात आखडता घेतला नाहीतर शंभरी झाली असती. आणि आदल्याच वर्षी आम्ही ह्याच ओक्लाहोमाला, नंबर वन असताना, आमच्या काइल फील्डवर ३०-२६ हरवलेलं. मी तेव्हा नुकताच नागपूरहून एमएसला आलेलो, ह्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण मॅचच्या आदल्या मध्यरात्री हजारो लोक अंधारात स्टेडियममध्ये जमून ओरडण्याची प्रॅक्टिस करतात हे बघून अंगावर काटा आलेला. आमच्याकडे मॅचभर कोणी बसत नाही. पूर्वी कधीतरी टीमला माणूस कमी पडेल म्हणून स्टँडमधून एकाला बोलावलेलं, तेव्हापासून सगळे विद्यार्थी उभे, गरज पडली तर मी तयार आहे म्हणून. त्यामुळे उठलात की बसलात ह्या प्रश्नाला आमचं उत्तर वेगळंच 🙂 सहा जण एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, ७७-० ला सुद्धा टीव्हीसमोर सहाच्या सहा उभे. एकजण आंध्राचा, त्याची दुसऱ्या दिवशी क्वालिफायर परीक्षा होती, तो पण.

सदाशिव_पेठ_आजोबा

आमची नात टीसीयूत नाही पण जॉर्जियात अथेन्सला शिकत होती त्यामुळे हीच मॅच आम्ही पुण्यात मंगळवारी सकाळी सहापासून पाहिली. दुपारी नाही, सकाळी! अंगारकी होती, हिचा उपास, साबुदाणा भिजलेला आणि आम्ही दोघे मॅच बघतोय. नातीने व्हिडिओ कॉलवर सगळं समजावून सांगितलं. मला एक विचारायचं आहे, हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात आणि पॉइंट एकदम सात कसे वाढतात?

मॅडिसनकर

@सदाशिव_पेठ_आजोबा आजोबा, टचडाउनचे सहा, त्यानंतर पोलमधून लाथ मारून बॉल घातला की एक, असे सात. लांबून नुसता लाथेने घातला की तीन. फुटबॉल का म्हणतात ते जाऊ दे, आम्ही पण विचारणं सोडलं.

माझं विस्कॉन्सिन. ६ डिसेंबर २०१४, इंडियानापोलिस, आमच्या बिग टेन कॉन्फरन्सची फायनल, ओहायो स्टेटकडून ५९-०. त्यांचे दोन क्वार्टरबॅक जखमी, तिसरा कार्डेल जोन्स, त्याचा पहिलाच स्टार्ट, म्हणून आम्ही मॅडिसनहून गाडी काढून गेलो, आज आपलंच असं धरून. आमचा मेल्विन गॉर्डन वर्षभर कोणाच्या हाताला लागला नव्हता, त्याला ७६ यार्डांत बांधून ठेवला. येताना शिकागोपर्यंत गाडीत कोणी अक्षर बोललं नाही. शिकागोला माझ्या मावशीकडे थांबलो, रात्री दीड वाजता तिने पिठलं-भात टाकला, आणि मग जे बोलायला लागलो ते पहाटेपर्यंत. तो जोन्स पुढे नॅशनल चॅम्पियन झाला, त्यामुळे मनाला थोडं बरं वाटलं की साध्यासुध्या माणसाकडून नाही हरलो.

ताई तुमच्या बँडच्या मुद्द्यावर, आमचा बँड तर मॅच संपल्यावर मैदानात उतरून वाजवतो, पाचवा क्वार्टर म्हणतात त्याला. जिंका नाहीतर हरा. घरच्या मैदानावर वाईट हरलो तरी मी त्यासाठी थांबायचो, कधीकधी तेवढ्यासाठीच.

पिठलंप्रेमी

रात्री दीडला पिठलं करणारी मावशी प्रत्येकाला मिळो 🙏

डल्लास_वहिनी

@फोर्टवर्थची_आई अगं तू तेव्हा बोलली नाहीस कधी रडल्याचं! आम्ही अर्व्हिंगला होतो त्या रात्री, पंचवीसेक मराठी माणसं एका घरी, सगळे टीसीयूच्या जांभळ्यात, मी पैठणीतली जांभळी ओढणी गळ्यात घातलेली. वडापाव होते. हाफटाइमला निम्मे लोक उद्या ऑफिस म्हणून गेले, त्यांना दोष नाही, सोमवारच होता. उरलेल्यांनी मग मॅचचा आवाज बंद करून वडे संपवले आणि सीझनच्या आठवणी काढल्या. बेलरची मॅच आठवते का, टाइमआउट संपलेले, किकिंग टीम पळत पळत आत आली आणि शेवटच्या सेकंदाला किक घातली, २९-२८! त्या एका किकवर आम्ही पुन्हा अर्धा तास बोललो. फायनल तिकडे चालूच.

वडापाव_संशोधक

पाव कुठले आणले होते वहिनी? इथे ह्यूस्टनला मिळतात ते गोड लागतात.

डल्लास_वहिनी

घरी केले. मिल्क पावडर नाही घालायची, साखर अगदी यीस्टपुरती, आणि पिठाला दोन वेळा फुगू द्यायचं. डीएम कर.

अथेन्स_अटलांटा

मी दुसऱ्या बाजूचा, जॉर्जियाचा, येऊ का आत 🙂

आम्ही १९८० नंतर ४१ वर्षं वाट बघितली हो. २०२२ च्या जानेवारीत अलाबामाला ३३-१८ हरवलं तेव्हा कुठे जिंकलो, त्यामुळे ६५-७ च्या रात्री आनंद होताच, खोटं नाही सांगत. पण तिसऱ्या क्वार्टरनंतर आमच्या घरात पण सगळे शांत झाले. स्टेट्सन बेनेटला चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला कोचने मुद्दाम टाइमआउट घेऊन बाहेर काढला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात म्हणून, तो क्षण आमच्यासाठी फार मोठा, कधीकाळी बिनास्कॉलरशिप आलेला मुलगा तो. आणि तेव्हाच मला डगन दिसला पलीकडे, हेल्मेट हातात. आमच्या पोरांना मी म्हटलं, त्याच्यासाठी पण वाजवा टाळ्या. वाजवल्या त्यांनी.

फोर्टवर्थची_आई

@अथेन्स_अटलांटा या हो या, तुमचंच घर आहे. आत्ता परत डोळे भरले माझे.

डगनचं मला आजही वाटतं. बिग १२ च्या फायनलला कॅन्सस स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये हरलो तेव्हा पत्रकारांसमोर रडला होता तो, चार वर्षं इथे दिली, दुसऱ्याला त्याच्या जागी आणलं तरी कॉलेज सोडून गेला नाही. हाइझमन ट्रॉफीला (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) दुसरा आला. फायनलमधला आमचा एकुलता एक टचडाउन पण त्यानेच पळत जाऊन केलेला. कोणी त्या रात्रीवरून त्याला मापायला लागलं की माझी सटकते.

मिशिगन_निळू

तुम्ही ६५-७ हरलात तेव्हा आम्ही अ‍ॅन आर्बरला बसून डोकं धरलं, की अरे ह्यांच्याकडून आपण हरलो?? लोक काय काय बोलले त्या आठवड्यात. माझं मत सांगतो, ते चुकीचं बोलत होते. टीसीयूने आमचे दोन पास मधेच पकडून (इंटरसेप्शन) थेट टचडाउनला नेले, ती मॅच त्यांनी कमावलेली होती. नऊ दिवसांनी काय झालं त्याने ते खोटं ठरत नाही. पुढच्या वर्षी आम्ही चॅम्पियन झालो तरी त्या ५१-४५ चा उल्लेख निघाला की अजून पोटात कालवतं.

टॅलाहासी_ते_ठाणे

६५-७ हा बोल मॅचमधला (सीझननंतरच्या खास मॅचेस) सगळ्यात मोठा फरक होता, एक वर्ष पण टिकला नाही तो रेकॉर्ड, ३० डिसेंबर २०२३, ऑरेंज बोल, जॉर्जिया ६३ आमची फ्लोरिडा स्टेट ३. परत जॉर्जियाच!

आमचं दुखणं वेगळं आहे पण. १३-० होतो, कॉन्फरन्स जिंकलेली, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला म्हणून कमिटीने प्लेऑफच्या चार टीममध्ये घेतलंच नाही. मग कितीतरी खेळाडूंनी ती मॅच खेळायचीच नाही असं ठरवलं आणि जी उरली ती नवखी पोरं मैदानात. मी तेव्हा परत आलेलो ठाण्याला, मध्यरात्र उलटून गेलेली, बायको म्हणाली बंद करा आता, नाही केलं. नियमित टीम असती तर रागावलो असतो. त्या पोरांवर कसा रागावणार, त्यातल्या काहींना वर्षभर संधी मिळाली नव्हती आणि मिळाली ती अशी. शेवटची किक होईपर्यंत बघितलं, झोपलो सकाळीच.

इतिहासवेडा

सगळ्यांच्या दुःखावर उतारा: ७ ऑक्टोबर १९१६, अटलांटा, जॉर्जिया टेक २२२, कंबरलंड ०. दोनशे बावीस! कंबरलंडने फुटबॉल बंदच केलेलं, पण मॅच रद्द केली तर ३००० डॉलर भरावे लागणार होते म्हणून जमतील तेवढी पोरं गोळा करून ट्रेनने गेले. जॉर्जिया टेकचा कोच जॉन हाइझमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आहे तोच, त्याला बेसबॉलमधल्या २२-० पराभवाचा वचपा काढायचा होता. हाफटाइमला १२६-०. मग दुसऱ्या हाफची वेळ कमी केली. मला त्यात कंबरलंडच्या पोरांचं फार कौतुक वाटतं, खेळायचं म्हणून आले आणि शेवटपर्यंत खेळले, कॉलेजचे पैसे वाचवले.

अजिंक्यची_फॅन

क्रिकेटचं चालेल का? अ‍ॅडलेड, १९ डिसेंबर २०२०, ३६. मी न्यू जर्सीत रात्रभर जागी होते, कोणाचा दहाचा आकडा नाही. आणि पुढच्याच मॅचला कोहली घरी परतलेला, शमी जखमी, आपला अजिंक्य कॅप्टन, मेलबर्नला शतक, आठ विकेटने जिंकलो, मग सीरिज २-१. म्हणून मी आता कुठल्याच खेळात उठून जात नाही.

सदाशिव_पेठ_आजोबा

अजिंक्यचं शतक मी पण पहाटे उठून पाहिलं होतं. नातीला विचारलं, ती म्हणते जॉर्जियाची मॅच पुन्हा लागली की सांगेन. सात पॉइंटचं कळलं, धन्यवाद मॅडिसनकर. मावशींना नमस्कार सांगा.

नॉर्थ_कॅरोलायना_नवी

मी गेल्याच महिन्यात आलेय चॅपल हिलला मास्टर्सला, सोमवारी स्टेडियममध्ये होते 😢 आयुष्यातली पहिली मॅच. आमचा पहिला टचडाउन झाला तेव्हा अनोळखी मुलीने मिठी मारली, मला वाटलं हे असंच असतं शेवटपर्यंत. माझ्या रांगेतले हळूहळू सगळे गेले. आम्ही चार मराठी मुली राहिलो, कारण बस कुठून पकडायची तेच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जावंसं वाटतही नव्हतं. चौथ्या क्वार्टरला पुढे रिकामं झालं म्हणून खाली जाऊन अगदी मैदानाजवळ बसलो. तिथून त्या धडका ऐकू येतात!! पुढच्या घरच्या मॅचला परत जाणार आहे.

फोर्टवर्थची_आई

@नॉर्थ_कॅरोलायना_नवी अगं बाळा!! जा नक्की, आणि टोपी-पाण्याची बाटली विचारून ने, आत काय नेऊ देतात ते आधी बघ. गौरीचं जेवलीस का कुठे? तुझ्या जवळपास आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, डीएम करते.

अ‍ॅगी_२००४

@नवी होमवर्क राहिला तरी चालेल, मॅच सोडू नकोस.

डल्लास_वहिनी

बरं फोर्टवर्थवाले, २० तारखेला डॅलसची एसएमयू आहे आपल्याकडे, आयर्न स्किलेटची (आपल्या दोघांच्या मॅचची ट्रॉफी) शेवटची, यानंतर ही मॅच ठरलेली नाही. टेलगेटला (मॅचआधी पार्किंगमधलं खाणंपिणं) कोण कोण? मी शंभर पाव करतेय, भाजी कोणीतरी घ्या, चटणी माझ्याकडे आहे.

वडापाव_संशोधक

ह्यूस्टनहून येतो. बटाटे मी आणतो.