'धसका', 'धास्ती' की 'चिंता'?

नीलाक्षी: करोनानंतरच्या मनःस्थितीवरची एक प्रश्नावली मराठीत करतेय. गावोगावच्या आशाताई (आरोग्यसेविका) ती घरोघरी विचारणार आहेत. मुळात 'अँग्झायटी' आहे, तिथे मी 'चिंता' लिहिलं. चाचणीत एक आजी म्हणाल्या, "चिंता कसली? नातवंडं मार्गी लागली. पण धसका बसलाय. रात्री फोन वाजला की काळजात धस्स होतं." दुसऱ्या लाटेत त्यांचा धाकटा मुलगा दवाखान्यात वारला, त्याचा निरोप फोनवरच आला. कागदावर मात्र 'चिंता: नाही' अशी नोंद झाली. 'धसका' लिहू का?

मोडीवाचक: धसका झालेल्या गोष्टीचा, धास्ती पुढे होईल त्याची. शिवाय अशा प्रश्नावल्यांत 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा' असं असतं. धसका एकदा बसतो आणि राहतो. 'किती वेळा बसला' कसं विचारणार?

सदानंद_क: 'चिंताविकृती' हा शब्द मानसोपचारात रुळलाय. बोली घातलीत तर नंदुरबारचा आणि सावंतवाडीचा आकडा शेजारी ठेवता येणार नाही.

राधाक्का: शेजारी ठेवून करायचंय काय, आजींचं दुखणंच त्यात येत नसेल तर? आमच्याकडे 'जिवाला घोर लागलाय' म्हणतात. तेच विचारा, लगेच बोलतील.

मोडीवाचक: धसका हा 'धसणे'वरून आलाय असं मला वाटतं. पायाखालची जमीन धसते तसं.

राधाक्का: छे, 'धस्स', 'धडधड' हे छातीतले आवाज आहेत. त्याला जमीन कशाला हवी?

वऱ्हाडी: 'हाय खाणे' कसं विसरलात? १९१८च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, निम्मी माणसं हाय खाऊनच गेली, असं आमची पणजी सांगायची.

सदानंद_क: पणजींचा मान ठेवून सांगतो, मानमोडीने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली, त्यांत धडधाकट तरुण फार होते. ती तापाने गेली. हाय मागे राहिलेल्यांनी खाल्ली.

वऱ्हाडी: मग त्या मागे राहिलेल्यांचंच तर चाललंय ना इथे!

सुमेधा: शब्दाचा घाव कसा बसतो ते सांगते. मार्च २०२० मध्ये माझ्या दिरांच्या डाव्या हातावर गृह विलगीकरणाचा शिक्का मारला. ताप नाही, खोकला नाही. शाई गेली तरी ते बाही मनगटाखाली ओढून बसायचे, दूधवाल्यासमोरसुद्धा. घरात म्हणायचे, "मला वाळीत टाकलंय."

मोडीवाचक: ताप नव्हता तर ते 'अलगीकरण'. विलगीकरण आजाऱ्याचं, अलगीकरण संशयिताचं. वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी केली.

राधाक्का: आमच्या गल्लीत यातला एकही शब्द कुणी उच्चारला नाही. 'त्याला उचलून नेला' म्हणायचे. रुग्णवाहिका दिसली की लोक खिडक्या लावून घ्यायचे, खोकला आला तर तोंडात पदर कोंबायचे. १८९७च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरं झडत होते, तेव्हाही लोक आजारी माणूस लपवायचेच.

सदानंद_क: ती तुलना मला मान्य नाही. तेव्हा बंदुकीवाले आले होते, या वेळी आशाताई आल्या.

राधाक्का: करोनात साथरोग कायदा तर १८९७चाच लावला होता! आणि दाराआडच्या माणसाला कोण आलंय यापेक्षा आपल्याला नेणार हेच दिसतं.

नीलाक्षी: प्रश्नावली सोमवारी छापायला जातेय. 'घोर' सगळीकडे कळेल का? खानदेशातलं कुणी आहे का इथे?

मोडीवाचक: 'सोजीर' की 'सोल्जर'? जुन्या कागदांत मी 'सोजर'ही वाचलंय.