‘येवा’, ‘विसर्ग’ आणि ‘ओढ’: एल निनो नदीपर्यंत पोचतो तेव्हाचे शब्द

काना_मात्रा

शेतीविषयक मासिकाच्या मजकुरातलं हे वाक्य बघा: ‘प्रशांत महासागराच्या तापमानातील सकारात्मक विसंगतीमुळे कृष्णा, भीमा व गोदावरीच्या विसर्गावर नकारात्मक परिणाम होतो.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, पण अर्थ हाती लागत नाही. विसंगती हा शब्द इथे बरोबर आहे का? विसर्ग, येवा, आवक, अपधाव हे एकच की वेगवेगळे? आणि प्रशांत महासागराच्या या तापण्याला लिहायचं काय, अल निनो, एल निनो की एल निन्यो?

खोरेकर

सोपं आधी. ‘अल’ हे अरबी उपपद आहे, स्पॅनिशमध्ये ‘एल’. मूळ उच्चार ‘निन्यो’च्या जवळचा; अर्थ लहान मुलगा, इथे बाळ येशू. पेरू आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यावर नाताळच्या सुमारास कोमट पाणी येतं, त्याला तिथल्या कोळ्यांनी दिलेलं हे नाव. मराठीत ‘एल निनो’ रुळलाय, तोच ठेवावा. फक्त ‘अल’ टाळा. लिंगही मूळचंच चालतं: एल निनो आला, ला निना आली.

आता विसंगती. मराठीत विसंगती बोलण्यात असते, जबाबात असते. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश गरम झालं यात विसंगत काहीच नाही. मध्य प्रशांत महासागराचा एक चौकोन ठरलेला आहे: विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंशांपर्यंत, १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांच्या दरम्यान. तिथलं पृष्ठभागाचं तापमान सरासरीपेक्षा ०.५ अंश सेल्सिअसने चढं राहिलं आणि ते काही महिने टिकलं, तर एल निनो. तेवढंच उतरलं तर ला निना. इतकं सरळ असताना ‘सकारात्मक विसंगती’ कशाला? ‘तापमान सरासरीपेक्षा चढं’ म्हणा.

प्रमाणलेखन

‘विचलन’ चालेल का?

खोरेकर

एकट्याने चालेल. पण त्याच मजकुरात पुढे ‘प्रमाण विचलन’ (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) आलं की वाचक दोन्हींची गल्लत करतो. तक्त्याच्या मथळ्यात ‘सरासरीपासून फरक’ लिहा आणि आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह द्या.

पाणमोजणी

विसर्ग हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका सैल केलाय की त्यात काहीही मावतं. वेगळं करून सांगतो.

*अपधाव*: पडलेल्या पावसातलं जमिनीत न मुरता, उडून न जाता उताराने ओढ्या-नाल्यात उतरणारं पाणी. पावसासारखंच हे मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

*आवक*: धरणात या क्षणी किती वेगाने पाणी येतंय ते. क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट.

*येवा*: हंगामात किंवा वर्षात एकूण किती पाणी आलं ते. टीएमसी (अब्ज घनफूट) किंवा दलघमीमध्ये (दशलक्ष घनमीटर). बोलताना लोक आवकेलाही येवा म्हणतात, चूक नव्हे, पण लिहिताना भेद पाळला तर अर्धे घोटाळे टळतात.

*विसर्ग*: दोन अर्थ. धरणातून सोडलेलं पाणी हा एक. नदीच्या एका छेदातून दर सेकंदाला जाणारं पाणी हा दुसरा. तुमच्या वाक्यात यांपैकी कुठला? एल निनो दरवाजे उघडत नाही. तिथे ‘येवा’ हवा.

एककांचा धागा एवढाच: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेकने अखंड चोवीस तास पाणी आलं की १ टीएमसी होतो, म्हणजे २८.३ दलघमी. ‘धरणात २० हजार टीएमसीने आवक’ असं छापून येतं तेव्हा लिहिणाऱ्याने वेग आणि साठा एकात कालवलेले असतात.

सायफन

नदीचा विसर्ग मोजतात कसा? सांगलीत तर फुटांतच आकडा सांगतात.

पाणमोजणी

फुटांत सांगतात ती पातळी. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. विसर्ग काढायचा तर नदीचा आडवा छेद उभ्या पट्ट्यांत वाटायचा, प्रत्येक पट्ट्यात खोली मोजायची आणि करंट मीटरने वेग. उथळ पाण्यात एकच नोंद, पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर; खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ वर दोन नोंदी घेऊन सरासरी. क्षेत्रफळ गुणिले वेग, मग सगळ्या पट्ट्यांची बेरीज. असं वेगवेगळ्या पातळ्यांना केलं की पातळीवरून विसर्ग सांगणारा आलेख तयार होतो आणि रोज नदीत उतरावं लागत नाही.

हा आलेख फसतो कुठे? खाली तुंब लागली की. सांगलीच्या खाली हरिपुरापाशी वारणा मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्यांना पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, *फुगवटा* येतो. पातळी चढलेली, वेग मंदावलेला. आलेख मात्र खऱ्यापेक्षा जास्त विसर्ग सांगतो. म्हणून ‘पाणी वाढलं’ या वाक्याला पातळी वाढली की विसर्ग, हा प्रश्न विचारायलाच हवा.

काना_मात्रा

पटलं. मग ‘एल निनोमुळे पाऊस १० टक्के घटतो, म्हणून येवा १० टक्के घटतो’ असं पुढचं वाक्य आहे, ते ठेवू का?

खोरेकर

नका ठेवू. वाक्याचे दोन्ही भाग खोटे.

पहिलं अर्ध: एल निनो म्हणजे घट, हे समीकरण नाही. २००२ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ८१ टक्के, २००९ साली ७८, २०१५ साली ८६. तिन्ही एल निनोची वर्षं. पण १९९७ चा एल निनो शतकातल्या बलाढ्यांपैकी, आणि त्या वर्षी पाऊस १०२ टक्के. तेव्हा हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि सुमात्राच्या बाजूचा निवलेला होता. यालाच हिंदी महासागरी द्विध्रुवाची धन अवस्था म्हणतात. ती एल निनोचा जोर कमी करू शकते. इथेही ‘सकारात्मक’ लिहू नका, *धन* लिहा. सकारात्मक म्हटलं की चांगलं वाटतं. २०१९ ची धन अवस्था पूर्व आफ्रिकेत पूर घेऊन आली आणि ऑस्ट्रेलियात कोरड. बॅटरीच्या टोकाला आपण धन म्हणतो, सकारात्मक म्हणत नाही, तसंच.

दुसरं अर्ध: जमीन आपला वाटा आधी घेते. पर्जन्यछायेतलं ढोबळ गणित धरा. ६०० मिमी पाऊस, त्यातले ५०० माती, पिकं आणि बाष्पीभवन यांत गेले, अपधाव १००. पाऊस १० टक्क्यांनी घटून ५४० झाला. माती-पिकांचा वाटा फार आटत नाही, समजा ४९० झाला. अपधाव उरला ५०. पाऊस दहा टक्के कमी, येवा निम्मा. हजार चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १०० मिमी म्हणजे १०० दलघमी, साधारण साडेतीन टीएमसी. त्यातले पावणेदोन गेले.

वर तेच ५४० मिमी चाळीस भुरभुरीत पडले तर ओढा वाहणारच नाही. सहा दणक्यांत पडले तर मातीसकट वाहील.

शिवारबोली

‘ओढ’ हा शब्द कुणी काढला नाही अजून. ‘पावसाने ओढ दिली’ म्हणजे यायला लांबवलं. ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणजे प्रवाहाला जोर आहे, उतरू नका. पावसाने ओढ दिली की नदीची ओढ जाते! आणि *खंड* व *उघडीप* एक नव्हेत. सतत झडीनंतर दोन दिवस ऊन पडतं ती उघडीप. जमिनीला वाफसा येतो, कोळपणी उरकते, सगळे खूश. पीक माना टाकायला लागलं की तो खंड. पावसाने *ताण* दिला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी होता, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्याला उघडीप म्हणणं म्हणजे चेष्टाच.

प्रमाणलेखन

एल निनो वर्षात नदी आटते हे सगळीकडे खरं आहे का?

खोरेकर

नाही. उत्तर पेरूतल्या प्यूरा नदीला १९८३ आणि १९९८ साली पूर आले, दोन्ही एल निनोचेच. दक्षिण अमेरिकेतली पाराना नदीही त्याच दोन वर्षी फुगली. उलट नाईलला पाणी देणाऱ्या इथिओपियाच्या पठारावर अशा वर्षी जून ते सप्टेंबरचा पाऊस रोडावतो. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा आगाऊ अंदाज काढण्यासाठी जगभरचे आकडे जुळवताना त्यांनी नाईलच्या पुराचेही घेतले आणि त्या खटाटोपातून *दक्षिणी दोलन* हे नाव आलं. हे दोलन म्हणजे एल निनोचीच हवेतली बाजू; ते प्रशांत महासागरातलं ताहिती आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन इथल्या हवेच्या दाबांतल्या फरकावरून मोजतात. लांबच्या दोन हवामानांच्या अशा नात्याला ‘दूरसंबंध’ म्हणावं. ‘दूरसंचार’शी गल्लत होईल ही भीती मला तरी फोल वाटते.

सायफन

आणि ‘७५ टक्के विश्वासार्ह येवा’? ७५ टक्के पाणी नक्की, असा अर्थ लावतात लोक.

पाणमोजणी

तो अर्थ चूक. शंभरातल्या ७५ वर्षी निदान एवढं पाणी मिळेलच, असा तो आकडा. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बचावत लवादाने तो २०६० टीएमसी धरला. नंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने ६५ टक्के विश्वासार्हतेला २२९३ धरले, सरासरी २५७८. नदी तीच. एल निनो यातला एकही आकडा बदलत नाही. तो ज्या वर्षी येतो ते वर्ष उरलेल्या पंचविसांत पडण्याची शक्यता वाढवतो.

आणखी एक, ‘उणे’. भीमेवरच्या उजनी धरणाचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, त्याखालचा, एरवी वापरात न धरलेला मृतसाठा ६३.६६. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की ‘उणे’ सुरू होतं. एकूण साठा ३६.८७ टीएमसी उरला की उजनी उणे ५० टक्के. धरण रिकामं असा त्याचा अर्थ नाही.

काना_मात्रा

मग वाक्य असं करतो: ‘प्रशांत महासागराचं पाणी सरासरीपेक्षा चढं तापलं की आपल्याकडे पाऊस ओढ देण्याची शक्यता वाढते, आणि पाऊस जेवढा घटतो त्याहून कृष्णा, भीमा व गोदावरीचा येवा अधिक घटतो.’

पाणमोजणी

‘प्रशांत’च्या आधी ‘मध्य’ घाला, मध्य प्रशांत. आणि ‘गोदावरीचा’च्या मागे ‘वरच्या खोऱ्यातील’. खाली प्राणहिता आणि इंद्रावती मिळाल्यावर ती वेगळीच नदी होते.