गॅस गिझर मधेच विझतो, मेकॅनिक आला की मात्र नीट चालतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात अनगोळला राहतो, सकाळी ऐन वेळेला करंट जातो म्हणून इलेक्ट्रिक न घेता सहा लिटरचा गॅस गिझर घेतलाय. आधी मस्त चालायचा. आता काय होतंय, नळ सोडला की टिक टिक करून पेटतो, पाणी कडकडीत येतं आणि अंगाला साबण लावून होतोय तोवर भप्प करून विझतो, मग नळ बंद करून परत सोडला तर कधी पेटतो कधी नुसताच टिकटिकतो. सेल नवीन घातले, सिलिंडर नवा लावला, रेग्युलेटर पण बदलला. मेकॅनिक येतो, नळ सोडून निवांत चालवून दाखवतो, त्याच्यासमोर एकदा पण विझत नाही! "वहिनी गिझर फस्क्लास हाय" म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

पाणी बोरचं, टाकी गच्चीवर आणि बाथरूम खालच्या मजल्याला, त्यामुळे प्रेशर आहे. गिझर आधी मागच्या भिंतीला बाहेर होता, पावसात भिजतोय म्हणून यंदा आत घेतला. अजून एक, ज्योत पूर्वी निळी असायची ती आता पिवळी दिसते आणि वरच्या पत्र्याला काजळी धरलीय. सुटा पार्ट बदलायचा की नवीनच घ्यायचा, सांगा की कुणीतरी.

खानापूरवाला: बोरचं पाणी म्हणजे आधी इनलेटची जाळी बघा. पाण्याचा पाइप जिथं गिझरला जोडतात तिथला नट सोडला की आत बारीक जाळी असते, रेती आणि पांढरा क्षार बसून ती गच्च होते. पाणी कमी पडलं की आतला डायफ्रॅम (पाण्याच्या दाबानं हलणारा रबरी पडदा) ढकलला जात नाही आणि गॅस बंद होतो. सेलच्या डब्यातल्या पट्ट्यांना हिरवट गंज असेल तर तो पण खरवडा, नुसते सेल बदलून भागत नाही. आणि बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नव्हे, बऱ्याच मॉडेलला तसा टायमरच असतो.

अनगोळची सून (धागाकर्ती): जाळी काढून ब्रशने धुतली दादा, थोडी रेती निघाली. पण विझायचा तो विझतोच, आणि वीस मिनिटं कुठली, पाच-सात मिनिटांतच.

निपाणीकर: ताई, मेकॅनिक चालवून दाखवतो तेव्हा बाथरूमचं दार उघडं असतं का? खिडकी केवढी आहे? आणि अंघोळ करून आल्यावर घरात कुणाचं डोकं दुखतं का, मळमळतं का?

अनगोळची सून: दार उघडंच असतं की, तो दारातच उभा राहतो. खिडकीला थंडी येते म्हणून पुठ्ठा लावलाय. सासूबाईंना अंघोळीनंतर गरगरतंय म्हणतात खरं, आम्ही पित्त समजून सोडून दिलं.

निपाणीकर: तो गिझर आजपासून लावू नका. आधी हे, पार्टचं नंतर बोलू.

तुमचा गिझर हवा कमी पडते म्हणून विझतोय. एक किलो एलपीजी नीट जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते, सहा लिटरचा गिझर फुल्ल चालला तर तासाला पाऊण ते एक किलो खातो, आणि पाच बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये सगळी मिळून जेमतेम ७ घनमीटर हवा. त्यात माणूस, वाफ, वर खिडकीला पुठ्ठा. दार उघडं असलं की हवा मिळते, म्हणून मेकॅनिकला दोष सापडत नाही. पिवळी ज्योत आणि काजळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड होतो. सिलिंडरचा गॅस लीक झाला तर वास येतो, याला वासच नाही. रक्तात तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो, आधी डोकं जड होतं, गरगरतं, मग माणूस कडी लावलेल्या बाथरूममध्ये पडतो आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो. सासूबाईंना आजच डॉक्टरकडे न्या आणि गिझरचं आवर्जून सांगा, नाहीतर ते पण पित्ताचीच गोळी देतील. कधी कुणी असं पडलंच तर दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ लावा.

खानापूरवाला: बरोबर आहे, आत घेतलाय हे माझ्या वाचण्यात सुटलं. एक्झॉस्ट फॅन लावून आतच ठेवू असं पण करू नका, तुमच्याकडं करंट जातोय म्हणालात ना.

अनगोळची सून: बापरे. मेन कॉक बंद केला, पुठ्ठा पण काढला. ह्यांना सांगितलंय, उद्याच परत मागच्या भिंतीला न्यायला लावते. पण तिकडून वळवाचा आणि पावसाळ्याचा पाऊस थेट मारतो, पत्र्याची पेटी करून आत बसवला तर चालेल काय?

निपाणीकर: पेटी नको, ते दुसरं बाथरूमच झालं! वर फूट-दीड फूट जागा सोडून नुसता पुढं आलेला पत्रा मारा, बाजू मोकळ्या ठेवा. बाथरूमच्या खिडकीखाली किंवा शेजारी लावू नका, धूर परत आत येईल. लावायच्या आधी बर्नर आणि वरची तांब्याची जाळी मेकॅनिककडून साफ करून घ्या, काजळी तशीच राहिली तर बाहेर पण पिवळंच पेटेल. गॅसची नळी केशरी सुरक्षा होजचीच घाला, तिच्यावर तारीख छापलेली असते ती बघून घ्या. जोडल्यावर सांध्याला साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर लीक आहे.