लेस्टर: छोट्या किचनमधल्या पाच जणांना किमान वेतनाचा कुठला दर?

टिफिनवाला_लेस्टर
नमस्कार मंडळी. थाळी आणि टिफिनचं छोटं किचन आहे, लिमिटेड कंपनीच्या नावावर. पगार महिन्याचा, १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत. एप्रिल २०२६ चे दर लावण्याआधी आत्ताचा हिशेब बरोबर आहे का ते बघतोय. माणसं अशी:

काउंटरवर शनिवार-रविवार येणारा मुलगा, १७ वर्षांचा, २० मार्चला १८ पूर्ण. अप्रेंटिस मुलगी, २० वर्षांची, ६ ऑक्टोबर २०२५ ला सुरुवात, जूनमध्ये २१ ची होईल. आठवड्यात पाच दिवस किचन, एक दिवस कॉलेज. स्टुडंट व्हिसावरचा २२ वर्षांचा मुलगा. कुक, ३५ वर्षांचे, वरच्या फ्लॅटमध्ये राहतात: आठवड्याला ४० तास, तासाला १२.५० पौंड, भाड्याचे आठवड्याला ९० पौंड पगारातून कापतो. आणि भाचा, १९ वर्षांचा, आमच्याच घरी राहतो, पॅकिंग करतो. त्याला फक्त हातखर्च देतो. कोणाला कुठला दर?

पेस्लिपवाली
एप्रिल २०२५ पासूनचे तासाचे दर, पौंडांत: वय २१ आणि पुढे १२.२१, १८ ते २० ला १०.००, १६-१७ ला ७.५५, अप्रेंटिसलाही ७.५५. १ एप्रिल २०२६ पासून तेच अनुक्रमे १२.७१, १०.८५, ८.०० आणि ८.०० होतात.

वाढदिवसाच्या दिवसापासून दर बदलत नाही. पगाराचा कालावधी ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशीचा दर त्या पूर्ण कालावधीला लागतो. म्हणजे काउंटरवाल्या मुलाला संपूर्ण मार्च ७.५५ चालेल, एप्रिलच्या पगारापासून थेट १०.८५. वयाची आणि वर्षाची, दोन्ही वाढी एकाच दिवशी. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकीची भरलेली असेल तर हे हमखास सुटतं.

अप्रेंटिसचा दर दोघांनाच: १९ च्या आतला, किंवा १९ पूर्ण झालेला पण सध्याच्या अप्रेंटिसशिपच्या पहिल्या वर्षात असलेला. तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष ५ ऑक्टोबर २०२६ ला संपतं. ऑक्टोबरचा कालावधी १ तारखेलाच सुरू झालेला असल्याने तो महिना ८.०० वर जाईल आणि १ नोव्हेंबरपासून १२.७१, कारण तोवर ती २१ ची झालेली असेल. तासाला ४.७१ ची उडी आहे, आत्ताच बजेटमध्ये धरा.

कॉलेजचा दिवस कामाच्या तासांत मोजायचा. ३० तास किचन, ६ तास कॉलेज आणि पैसे फक्त ३० चे दिले, तर २२६.५० भागिले ३६ म्हणजे ६.२९. उघड कमी पगार. आणि अप्रेंटिसशिपचा करार नसेल, नुसतं ‘ट्रेनी’ म्हणत असाल, तर हा दर लागूच नाही, आत्ताच १०.०० द्यावे लागतील.

व्हिसावाल्या मुलाला १२.२१. व्हिसामुळे दर कमी होत नाही.

कढीलिंबू
भाच्याची काळजी नको. घरात राहणाऱ्या, घरच्या धंद्यात हात लावणाऱ्या कुटुंबीयांना किमान वेतनातून सूट आहे. कुकचंही ठीक दिसतंय, १२.५० म्हणजे दराच्या वरच की.

रोटा_आणि_रजा
कढीलिंबू, दोन्ही मुद्दे चुकले.

सूट आहे, पण ती मालकाच्या कुटुंबीयाला, मालकाच्या घरात राहणाऱ्याला. इथे मालक लिमिटेड कंपनी आहे आणि कंपनीला घर नसतं, भाचाही नसतो. एकट्याच्या नावावर धंदा असता तर विचार करता आला असता. भाच्याला १०.०० प्रमाणे पगार लावा, तोही पेस्लिपसकट.

आता कुक. राहायची जागा मालकच देत असेल तर अकॉमोडेशन ऑफसेट, म्हणजे जागेपोटी कायद्याने ठरवलेली रक्कम, लागतो: दिवसाला १०.६६, आठवड्याला ७४.६२ पौंड. भाडं याच्या आत असेल तर किमान वेतनाच्या हिशेबावर परिणाम नाही. त्याच्या वर जितकं घ्याल तितकं पगारातून वजा धरायचं. भाडं पगारातून कापा नाहीतर त्यांनी बँकेतून वेगळं भरू दे, हिशेब तोच.

तुमचे आकडे: ४० गुणिले १२.५० म्हणजे ५००. ९० वजा ७४.६२ म्हणजे १५.३८ जास्तीचे. ५०० मधून ते गेले, उरले ४८४.६२, भागिले ४० म्हणजे १२.१२. हवे होते ४८८.४०. आठवड्याला ३.७८ पौंड कमी पडतायत. रक्कम चिमूटभर आहे, पण कायद्यात चिमटीला सूट नाही. वीज-गॅसचे वेगळे १० पौंड घेत असाल तर तेही भाड्यातच मिळवायचे, मग तूट १३.७८. समजायला सोपं म्हणून आठवड्याचं दाखवलंय; तुमचा पगार महिन्याचा, तेव्हा ते जितके दिवस राहिले ते मोजून १०.६६ ने गुणा.

एप्रिलपासून ऑफसेट ११.१०, म्हणजे आठवड्याला ७७.७०. भाडं ९० च ठेवलं तर १२.३० जास्तीचे. ४० गुणिले १२.७१ म्हणजे ५०८.४०, अधिक १२.३० म्हणजे ५२०.७०, तासाला निदान १३.०२ द्यावे लागतील. त्यापेक्षा भाडं ७७.७० वर आणून १२.७१ देणं सुटसुटीत. फुकट राहू दिलंत तर उलट होतं, ऑफसेटची रक्कम पगारात धरता येते. पण तेवढ्याच रकमेपुरती, बाजारभावाच्या भाड्याइतकी नाही.

टिफिनवाला_लेस्टर
डोळे उघडले. वीज वेगळी घेत नाही, सुदैवाने. काउंटरच्या मुलाला काळे बूट आणि काळी पँट स्वतः आणायला सांगितलंय, ते चालतं ना? आणि ग्राहकांच्या टिप्स पगारात धरल्या तर?

पेस्लिपवाली
टिप्स २००९ च्या ऑक्टोबरपासून किमान वेतनात मोजत नाहीत, सर्व्हिस चार्जही नाही. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून त्या कर्मचाऱ्यांना पूर्णच्या पूर्ण द्याव्या लागतात.

काळ्या पँटचं लोकांना खरंच वाटत नाही. कामासाठी ठराविक कपडे लागतात असं तुम्ही सांगितलंत आणि त्याने खिशातून घेतले, तर तो खर्च त्या महिन्याच्या पगारातून वजा धरतात. महिन्याला ३२ तास, ७.५५ प्रमाणे २४१.६०, २५ पौंडाचे बूट गेले, २१६.६० भागिले ३२ म्हणजे ६.७७. अगदी किमान दरावर असलेल्याला पेन्सचीही फट नसते. बूट तुम्हीच घेऊन द्या, किंवा त्याच महिन्यात पावतीवर परत करा.

रोटा_आणि_रजा
मागचा फरक आत्ताच भरा, एप्रिलची वाट बघू नका. थकलेली रक्कम जुन्या दराने नाही, भरायच्या वेळच्या दराने मोजतात. एप्रिलनंतर भरलेत तर कुकचे ३.७८ भागिले १२.२१ गुणिले १२.७१, म्हणजे ३.९३. एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) नोटीस आली तर वर थकबाकीच्या २०० टक्के दंड, प्रत्येक कामगारामागे कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त २०,००० पौंड. १४ दिवसांत सगळं भरलं तर दंड निम्मा. आणि भाच्याचे तास मोजायला लागलात की कुकची रक्कम किरकोळ वाटेल. इंग्लंडमध्ये सहा वर्षं मागे जाता येतं आणि पगाराच्या नोंदीही सहा वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा त्याचे तास आठवून नको, टिफिनच्या ऑर्डरबुकवरून काढा.

पेस्लिपवाली
एक राहिलं. स्टुडंट व्हिसावाला पदवीच्या किंवा वरच्या कोर्सला असेल तर सत्रात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, सोमवार ते रविवार मोजून. ‘थोडी मदत करतो, पैसे नको’ म्हणत तो २१ व्या तासाला थांबला तरी तो कामाचा तास धरला जातो. किमान वेतनात कमी पडेल ते वेगळं, व्हिसाचं वेगळं. आणि काउंटरवरचा मुलगा १८ चा होईपर्यंत साडेचार तासांपेक्षा लांब शिफ्ट असेल तर मध्ये ३० मिनिटं सुट्टी रोट्यावरच (शिफ्टच्या वेळापत्रकावर) लिहून टाका.