फॅशन ब्रँडच्या प्रदर्शन-दालनाला पूर्ण काचेची इमारत चालेल का?

प्रश्न :
एका फॅशन ब्रँडच्या सांस्कृतिक प्रदर्शन-दालनाचा आराखडा सध्या माझ्याकडे आहे. तिथे जुने पोशाख, रेखाटने आणि अधूनमधून समकालीन कलाकृती मांडायच्या आहेत. इमारत पूर्ण काचेची असावी आणि पोशाख रस्त्यावरूनच दिसावेत, असा त्यांचा आग्रह आहे. मात्र हे दालन दुकानासारखे वाटता कामा नये, ही अटही त्यांचीच आहे. याचा मेळ कसा घालावा?

प्रतिसाद १ :
मेळ बसणे कठीण आहे, कारण इथे शेवटचा शब्द कापडाचा असतो. संग्रहालयांत कापडावर साधारणपणे ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) अधिक प्रकाश पडू देत नाहीत. दुकानाच्या दर्शनी काचेमागची रोषणाई याच्या कित्येक पट असते, आणि उन्हाचे तर विचारूच नका. शिवाय ही हानी साठत जाते, रात्री दिवे मालवल्याने भरून निघत नाही. मी काम केलेल्या एका प्रदर्शनात छताच्या झरोक्याखाली निळा रेशमी झगा उभा होता. तो पुतळ्यावरून उतरवताना चुण्या उलगडल्या, तेव्हा घडीच्या आत मूळचा गडद निळा आणि बाहेर करडी छटा, असे पट्टे दिसले.

काच नकोच, असे मात्र मी म्हणणार नाही. पॅरिसमधील फोंदासियों लुई व्हितों ही वास्तुकार फ्रँक गेरी यांची २०१४ची इमारत काचेच्या बारा शिडांसाठी ओळखली जाते, पण कलाकृती त्या शिडांच्या आतल्या पांढऱ्या, बव्हंशी बंद दालनांत असतात. मोरोक्कोतील माराकेशच्या, फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँ यांच्या संग्रहालयात (वास्तुरचना स्टुडिओ केओ, २०१७) तर रस्त्याकडे जवळजवळ खिडक्याच नाहीत. बाहेरच्या विटांची रचना कापडाच्या विणीसारखी आहे आणि आतल्या भिंती कोटाच्या अस्तराप्रमाणे गुळगुळीत ठेवल्या आहेत. एकही पोशाख बाहेर न दाखवता ती इमारत शिवणकलेबद्दल बोलते, आणि तुमच्या ग्राहकाला हवे आहे ते नेमके हेच असावे.

प्रतिसाद २ :
वरील मताशी मी अंशतः असहमत आहे, कारण त्यात पोशाखच केंद्रस्थानी धरले आहेत. मिलानमधील फोंदाझिओने प्रादा (वास्तुरचना ओएमए या संस्थेची, २०१५) जुन्या मद्यनिर्मिती कारखान्याच्या आवारात उभे आहे आणि तिथे भर समकालीन कलेवर आहे, ब्रँडच्या मालावर नाही. दुकानाचा भास टाळण्याचा तोही एक मार्ग आहे. तेव्हा काचेचा वाद नंतर घाला, आधी संग्रहाची यादी मागवा.

प्रश्नकर्ता :
यादी मागवली आहे. पण बाहेरच्या उन्हातून थेट ५० लक्सच्या दालनात आलेल्या माणसाला काही दिसेल का?

प्रतिसाद १ :
थेट आणले, तर नाही. डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, म्हणून प्रवेशापासून दालनापर्यंतचा मार्ग वळणावळणाचा ठेवून उजेड टप्प्याटप्प्याने उतरवावा. तुमची काच त्या मार्गाच्या पहिल्या टप्प्यावर खुशाल वापरा. तिथे तिकीटघर आणि बसायची जागा असेल, पोशाख नसतील. दालनातील भिंती गडद रंगाच्या घेतल्या, तर तेवढ्याच प्रकाशात कापड अधिक उठून दिसते.